माझा जुना नंबर आणि सासूबाई

नोकरी सोडावी तर हिच्यासारखी, असं लोकांनी म्हणावं ही माझी फार वर्षांची इच्छा होती. नोकरी करावी तर हिच्यासारखी, असं कुणी म्हणेल ही आशा केव्हाच मावळली होती. तेव्हा निदान जाताना तरी नाव काढावं, एवढाच विचार.

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये होते. द्राक्षं निवडायची, पेट्यांत भरायची, थंड करायची आणि परदेशी पाठवायची, हा तिथला धंदा. माझं काम फोनवर बोलण्याचं. कुठल्या बागायतदाराचा माल कधी तोडायचा, कुणाकडे क्रेट पाठवायचे, कुणाची समजूत घालायची, हे सगळं माझ्याकडे. सीझन सुरू झाला की कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाईल अडकायचा, तो एप्रिल संपेपर्यंत निघायचा नाही. माझी मान अजून थोडी डावीकडे कलते. फोटोत लोकांना वाटतं मी लाजतेय.

पॅकहाऊसमध्ये नोकरी सोडण्याची रीत काही फार वरच्या दर्जाची नव्हती. ऐन सीझनमध्ये एक सुपरवायझर जेवायला म्हणून गेला आणि त्याचा फोन आला तो हायवेच्या पलीकडच्या पॅकहाऊसमधून. "डबा तिथंच राहिलाय, कुणाबरोबर तरी पाठवा," एवढंच म्हणाला. अशा ठिकाणी मला नाव काढायचं होतं, म्हणजे बघा, फारसं अवघड नव्हतं.

नवी नोकरी आमच्या नाशिकातच, अंबडला, मसाल्याच्या कंपनीत मिळाली. घरापासून भाजी आणायला जावं इतकी जवळ. रोज हायवेवरून स्टाफच्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेणं संपणार होतं. तरी मी त्यांना सांगितलं, "सीझन संपल्याशिवाय येणार नाही. शेवटचा कंटेनर गेला की मग." ते थांबायला तयार झाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. घरी येऊन मी ते यजमानांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "हो, मघाशी ऐकलं."

शेवटचा कंटेनर गेल्यावर मी मालकांकडे गेले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. माणूस चांगला, स्वतःची बाग असलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट दुःखाने ऐकायची सवय. दादा म्हणाले, "जा ताई. घराजवळ मिळतंय तर जायलाच पाहिजे. फक्त नंबर तेवढा घेऊन जा तुमचा. इतकी वर्षं तुमच्याचकडे आहे, तुमच्या नावावर करून देतो."

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने काय केलं असतं? "थँक यू दादा" म्हणून सिमकार्ड पर्समध्ये टाकलं असतं. तो नंबर कंपनीचा होता खरा, पण मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या घरात दुसरा मोबाईलच नव्हता. त्यामुळे नातेवाईक, गॅसवाला, लेकीची शाळा, टेलर, सगळ्यांकडे तोच. पण ऑफिसात त्या वेळी अकाउंट्सवाले होते, स्टोअरवाले होते आणि माझ्या अंगात मोठेपणा संचारला होता. मी म्हणाले, "नको दादा. बागायतदारांच्या फोनमध्ये हाच नंबर आहे. पॅकहाऊसची वस्तू पॅकहाऊसलाच राहू दे."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. त्या एका वाक्याचा मला अजून राग येतो.

माझ्या जागी आलेली मुलगी सटाण्याकडची. शेतकीची पदवी घेतलेली, पिंपळगावातच खोली घेऊन राहणारी. मी तिला सगळं शिकवलं, हातचं काही राखून ठेवलं नाही. कुणाला भाऊ म्हणायचं, कुणाला काका, कोण "लय साखर भरली ताई, आजच तोडा" म्हणाला तरी दोन दिवस थांबायचं आणि कोण काहीच बोलला नाही तर लगेच टेम्पो पाठवायचा. तिला माझी खुर्ची दिली, खुर्चीवरची उशी दिली. आणि सगळ्यात शेवटी, हसत हसत सांगितलं, "चहाच्या सुट्टीत येवल्याहून माझ्या सासूबाईंचा फोन येईल चुकून. त्यांना म्हणावं, सुनेचा नंबर बदललाय."

सासूबाईंच्या फोनबद्दल सांगायला पाहिजे. त्या येवल्याला माझ्या धाकट्या दिरांकडे असतात. बटणांचा छोटा फोन, त्यातलं दोनचं बटण दाबून धरलं की मी. रोज चहाच्या सुट्टीत त्या मला फोन करायच्या. मुलाला नाही, मला. "त्याला कामं असतात," असं त्यांचं म्हणणं. मी हायवेवरच्या गोदामात बसून शेंगदाणे खाते, अशी त्यांची समजूत असावी. काय भाजी केली होतीस, त्याने स्वेटर घातला का, समोरच्यांनी गेटला कसला भडक रंग दिला, असं सगळं चालायचं. मी क्रेट मोजत "हो आई", "हं आई", "अगंबाई" एवढे तीन शब्द आलटून पालटून वापरायचे. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. "मॅडम, येवला लाइनवर," असं स्टोअरवाले म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

नव्या नंबरचं मी त्यांना नीट सांगितलं होतं. दिरांनी त्यांच्या फोनमध्ये तो तीनच्या बटणावर घालूनही दिला होता.

अंबडच्या ऑफिसात पहिले काही दिवस चहाची सुट्टी म्हणजे स्वर्ग. चहा गरम असतो, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. नंतर मी चहा पिताना फोन टेबलावर ठेवू लागले. मग सुलटा ठेवू लागले. मग एकदा रेंज आहे का ते बघायला गॅलरीत जाऊन आले.

त्या संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "आईचा फोन होता का?"

"नाही बाई. रुसल्यात की काय."

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या वेळी येवल्याला त्यांचा फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. शेवटी जावेला लावला.

"आई ना? फोनवर आहेत," जाऊ म्हणाली.

"कुणाशी बोलतायत इतका वेळ?"

"तुमच्याच ऑफिसात. ती नवी मुलगी नाही का? रोजच बोलतात. तुम्हाला माहीत नाही?"

"आहे की," मी म्हणाले. "सहज विचारलं."

घरी येऊन मी हे यजमानांना सांगितलं. वाटलं होतं ते गंभीर होतील. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्याकडे आजवर कुणाला सवत आली नव्हती," ते म्हणाले. "तुला आली, तीही सासूकडून."

मी त्या मुलीला फोन केला. कारण काढलं होतं बागायतदारांचं, पण दुसऱ्याच वाक्याला मी येवल्यावर आले. ती म्हणाली, "हो मॅडम, मी पहिल्याच दिवशी सांगितलं त्यांना, नंबर माझ्याकडे आलाय म्हणून. तर म्हणाल्या, असू दे, तू कोण? मग बोलत बसलो. किती गोड आहेत हो आजी."

गोड. इतक्या वर्षांत माझ्या सासूबाईंसाठी हा शब्द कुणी वापरल्याचं मला आठवत नाही. कडक, काटेकोर, स्पष्टवक्त्या, असे शब्द होते. गोड नव्हता.

"त्या लग्न होऊन येवल्याला आल्या ना मॅडम, तेव्हा आठ दिवस घरातल्या हातमागाच्या आवाजाने झोपच यायची नाही त्यांना. आणि मग माहेरी गेल्या तर आवाज नाही म्हणून झोप येईना. तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी."

"कितीदा तरी," मी म्हणाले. मी हे पहिल्यांदा ऐकत होते.

आता माझ्यासारख्या पन्नाशीला टेकलेल्या बाईने सासूच्या फोनसाठी झुरावं, हे शोभतं का? नाही. मी स्वतःला तसं पुष्कळ सांगितलं. बरं झालं, ब्याद टळली, असंही म्हणून पाहिलं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "नशीबवान आहेस. माझ्या सासूबाईंना पण दे ना तिचा नंबर." मी हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

मग मी चढाओढ करायचं ठरवलं. त्या मुलीच्या आधी, सकाळीच फोन लावला.

"काय गं?" सासूबाईंचा आवाज घाबरा. "कोण गेलं?"

"कुणी नाही आई. सहज केला."

"सहज?" त्या म्हणाल्या. "त्याची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग?"

मग काय ते मलाच सुचेना. त्यांच्याशी मी कायम उत्तरं देत आले होते, प्रश्न कधी विचारलाच नव्हता. काय भाजी केली, असं मी विचारलं. "दोडका," त्या म्हणाल्या. "अगंबाई," मी म्हणाले. शेवटी त्याच म्हणाल्या, "ठेवू का? तुला कामं असतील." आणि ठेवला. सासूबाईंनी माझा फोन ठेवण्याची ही पहिली वेळ.

थोड्या दिवसांनी दुसरा धक्का बसला. मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" तर म्हणाल्या, "बरा शे." सटाण्याकडे आहे-ला शे म्हणतात. येवल्याच्या माझ्या सासूबाई, जन्मात कधी शे म्हणाल्या नव्हत्या. नवरा परगावाहून आल्यावर त्याच्या शर्टाला अनोळखी अत्तराचा वास यावा, तसं मला झालं.

गौरी-गणपतीला आम्ही येवल्याला गेलो. जेवणं झाल्यावर सासूबाई पडल्या होत्या आणि फोन उशाशी होता. मी तो हळूच उचलला. दोनच्या बटणावर माझा नवा नंबर घालायचा, झालं. पण ती बटणं इतकी टिकटिक वाजतात की शेजारचे उठावेत.

"काय करतेस?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"दोनवर माझा नंबर घालते आई. तुम्हाला सोपं पडेल."

"दोनवर ती आहे. तुझा तीनवर आहे ना?"

"अहो, पण तिला कामं असतात. पुढे सीझन आला की तिला बोलायलासुद्धा वेळ मिळायचा नाही."

"तुलाही होतीच की कामं. ठेव तो फोन."

यजमान पलीकडे करंजी खात बसले होते. त्यांनी करंजी खाल्ली ती इतक्या आनंदात की सारण शर्टावर सांडलं. मी फोन ठेवला.

परत आल्यावर चार दिवस गेले असतील. दुपारी त्या मुलीचाच फोन आला. माझा जुना नंबर माझ्या फोनच्या पडद्यावर दिसला की मला अजून स्वतःचाच फोन आल्यासारखं वाटतं.

"मॅडम, आजी डोळ्याचं काही बोलल्या का तुम्हाला?"

मला काही माहीत नव्हतं. "बघतोय," मी म्हणाले. "डॉक्टरांशी बोलणं चालू आहे."

ती मग म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? त्यांनी मला शपथ घातली होती तुम्हाला सांगू नको म्हणून. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही त्यांना. तिथल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय, पिकलाय म्हणाले. घरात पण कुणाला बोलल्या नाहीत. परवा पायरी चुकल्या. मला राहवेना."

"मला का नाही सांगायचं?" मी विचारलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्यांनी मान वर केली.

"त्या म्हणाल्या, सून नव्या नोकरीला लागलीय. नाशिकला ऑपरेशन म्हणजे तिला सुट्टी मागावी लागणार. नव्या ठिकाणी लगेच हात पसरायला लावायचं बरं नाही दिसत. दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं आजी, मी नेते तुम्हाला. आमचा सीझन कुठे सुरू आहे आता. तर तयार झाल्यात. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं, चांगला दवाखाना कुठला."

माझ्या सासूबाई त्या मुलीचा हात धरून नाशिकला दवाखान्यात येणार, आणि मी अंबडला बसून धन्याची पोती मोजणार. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि मला बसवेना. काळजी वाटली नाही असं नाही. पण आधी काय वाटलं ते विचाराल तर, काळजीला दुसरा नंबर मिळाला.

"तू काही करू नको," मी म्हणाले. "मी आहे ना."

तशीच उठून नव्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "सुट्टी? आत्ताच तर आलात तुम्ही."

"माझ्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन आहे सर." यातल्या 'माझ्या'वर मी इतका जोर दिला की ते जरा मागे सरले.

"घरात दुसरं कुणी नाही का बघायला?"

"आहे सर. म्हणून तर घाई आहे."

त्यांना काही समजलं नाही, पण सुट्टी दिली. मी यजमानांना घेऊन दुसऱ्याच दिवशी येवल्याला गेले. सासूबाई आधी माझ्यावर चिडल्या, मग त्या मुलीवर, "पोटात एक गोष्ट राहत नाही पोरीच्या," आणि मग गुपचूप पिशवी भरली. निघताना त्यांच्या फोनचा चार्जर भिंतीला तसाच लटकत राहिला. मला तो दिसला होता.

ऑपरेशन सुखरूप झालं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या हॉलमध्ये दिवाणावर बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी. त्यांचा फोन केव्हाच मालवला होता. चहाची वेळ झाली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. पदर नीट केला, पुन्हा केला.

"अगं," त्या म्हणाल्या, "तिला तेवढा लावून दे. काळजी करत असेल."

नाही कसं म्हणणार? मी माझ्या फोनवरून माझा जुना नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात देऊन समोरचं शोकेस पुसायला घेतलं. ते सकाळीच पुसलेलं होतं.

"हं, झालं गं. नाही, दुखत नाही… सून आहे ना, ती थेंब घालते. वेळेवर घालते. घड्याळ लावलंय तिनं… हो, नव्या नोकरीतून सुट्टी काढली. मी म्हटलं होतं ना तुला, ऐकायची नाही ती… पोहे केले होते. मीठ कमी. नाही गं, तिला कसं सांगू? लागतं तिला. वरून दिसत नाही, पण हळवी आहे." मी शोकेसच्या आत डोकं घातलं. "आणि तुझ्याशी बोलते ते तिला आवडत नाही. तिला वाटतं मला समजत नाही… अगं, मत्सरी नाही, चांगली आहे. तिला फोनवर बोलता येत नाही, एवढंच."

शोकेसमधल्या ताजमहालाला मी इतकं घासलं की त्याचा एक मिनार हलायला लागला.

त्यांचं बोलणं झालं. फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, "घे. याचं बंद कसं करतात ते मला कळत नाही."

मी कानाला लावला. ती मुलगी अजून लाइनवर होती. "मॅडम, उद्या पण याच वेळी लावाल ना?"

"बघू," मी म्हणाले. "आम्हाला कामं असतात."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेआधीच मी दोन कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. फोन मुद्दाम उलटा ठेवला. मग विचारलं, "आई, घरातला माग विकला तेव्हा तुम्हाला काय वाटलं हो?"

त्यांनी पट्टी नसलेला डोळा माझ्याकडे वळवला. माझ्या प्रश्नात काही डाव आहे का, ते बघत असाव्यात. डाव होताच. पण त्या सांगायला लागल्या. माग न्यायला टेम्पो आला, सासरे मागच्या दाराने बाहेर निघून गेले आणि सुटे केलेले भाग मोजून द्यायला एकट्या त्याच उभ्या राहिल्या, इथपर्यंत गोष्ट आली आणि फोन वाजला.

मी हललेच नाही.

"वाजतोय," सासूबाई म्हणाल्या.

"वाजू दे."

"उचल बाई. ती चहा प्यायची थांबेल नाहीतर."

उचलला. पण कानाला लावला नाही की त्यांच्या हातात दिला नाही. स्पीकरवर टाकून दोघींच्या मध्ये दिवाणावर ठेवला. ऑपरेशन त्यांचं झालं होतं, तरी एवढा हक्क माझा होता.

"आजी, काय चाललंय?" फोनमधून आवाज आला.

"माग विकल्याचं सांगत होते हिला."

"हां, टेम्पो आला तो ना? ते माहितीये मला. पुढे तो माणूस परत आला ना, ते सांगा."

"थांब गं," मी फोनवर वाकून म्हणाले. "मला नाही माहीत. मला यातलं काहीच माहीत नाही. आई, तुम्ही पहिल्यापासून सांगा."